कुशल विचारून आज्ञा करणारी

मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या सर्व लेखक-लेखिकांना,

पेडण्याहून सप्रेम नमस्कार.

मी बारावीत शिकते. घरात आम्ही कोकणी बोलतो, आणि तीही पेडण्याची, मडगावकडची माणसं ती ऐकून "तुम्ही मालवणकडचे का?" म्हणून विचारतात. देवळातली आरती, आजीची पोथी, पुनवेच्या दिवसांतली नाटकं आणि माझ्या उशाखालची पुस्तकं मात्र मराठी. तुमच्यापैकी कित्येकांच्या कादंबऱ्या मी वाचल्यात, काही दोनदोनदा. तेव्हा घरचंच माणूस बोलतंय असं समजा आणि थोडं तिखट लागलं तर पाणी प्या.

गेल्या मे महिन्यात, आंबे-फणसांच्या गडबडीत, मी एक साडेचारशे पानांची कादंबरी चार दिवसांत संपवली. नायिका विदर्भातल्या वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे खटकलं ते त्या एका पुस्तकापुरतं नाही. शाळेच्या इतिहासात प्रभावती मला एका ओळीत भेटली होती: गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याने आपली मुलगी वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली. "दिली." बस. परीक्षेत जोड्या लावा मध्ये यायची. त्या ओळीतून कादंबरीकाराने तिला बाहेर काढलं, तिला आवाज दिला, पाटलीपुत्रातला वाडा दिला, नंदिवर्धनला, सासरी, जाणारा लांबलचक प्रवास दिला. रुद्रसेन जातो त्या प्रकरणात मी इतकी रडले की आईने येऊन कपाळाला हात लावून बघितलं. हे ऋण मी नाकारत नाही.

पण मग मला एक मोजणी करायची दुर्बुद्धी सुचली. लग्नाआधीची प्रभावती, तिचं रूप, तिचे दागिने, तिच्या सख्या: एकशे ऐंशी पानं. लग्न आणि संसार: दीडशे. नवऱ्याचा मृत्यू आणि शोक: साठ. आणि त्यानंतर लहान मुलाच्या वतीने तिने राज्य चालवलं, ती सगळी वर्षं? बावीस पानं. त्यातही सहा पानांवर ती खिडकीतून चंद्र बघते.

आमच्या कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या बाई आहेत. त्यांच्यापाशी मी हे बोलले तेव्हा त्यांनी कपाटातून काही झेरॉक्स पानं काढून दिली. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे सगळे कोरीव लेख एकत्र करून जो खंड केला, 1963 सालचा, त्यातली. "तिचंच ऐक आता," म्हणाल्या. ती पानं म्हणजे प्रभावतीचा पुणे ताम्रपट. दोन आठवडे आम्ही दोघी मधल्या सुट्टीत तो लावत होतो. बाई पदच्छेद करायच्या, मी वहीत उतरवायची, आणि माझा डबा तसाच राहायचा.

त्या पत्र्यांबरोबरच्या मुद्रेवर चार ओळींचा श्लोक आहे. शेवटच्या ओळी अशा: "जनन्या युवराजस्य शासनं रिपुशासनम्." युवराजाच्या आईची ही आज्ञा, शत्रूंना वठणीवर आणणारी. नंतर वंशावळ सुरू होते, आणि इथे बाई थांबल्या. म्हणाल्या, ही कोणाची वंशावळ असायला हवी? मी म्हटलं, वाकाटकांची. राज्य त्यांचं, मुलगा त्यांचा. ताम्रपटात मात्र सुरुवात घटोत्कचापासून, मग पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त. सगळं तिचं माहेर. मग आई: नागकुळात जन्मलेली कुबेरनागा. मग ती स्वतः, "धारणसगोत्रा", म्हणजे धारण गोत्राची. वाकाटकांचं गोत्र विष्णुवृद्ध. लग्न होऊन, मुलं होऊन, नवरा जाऊनही तिने बापाचं गोत्र लावलंय, आणि तेही तांब्यावर. आणि स्वतःला म्हणवते काय, तर "उभयकुलालंकारभूता", दोन्ही कुळांचा दागिना. तुमच्या कादंबरीत तिच्या अंगावरच्या दागिन्यांना अकरा पानं आहेत. हा एवढा एक दागिना तिने स्वतः सांगितलेला, तोच राहून गेला.

आता जरा आमच्या घरातली गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला हे गोत्राचं एवढं का लागलं ते कळणार नाही. माझ्या आजीचं माहेरचं नाव एका नदीचं होतं. लग्नात ताटातल्या तांदळांत आजोबांनी अंगठीने दुसरं नाव लिहिलं, एका देवीचं, आणि त्या दिवसापासून नदी आटली. माहेरी गेली की म्हातारे भाऊ अजून जुन्या नावाने हाक मारतात, तेव्हा ती पटकन वळत नाही. पण आमच्या गोव्याचा पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे ना, त्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. काही वर्षांपूर्वी भाटातला, म्हणजे माडांच्या बागेतला, एक तुकडा विकायचा झाला, तेव्हा आजीला घेऊन सगळे कचेरीत गेले. कागदात तिचं नाव लिहिलं होतं: हे नाव ऊर्फ ते नाव. गोव्यातल्या जुन्या बायकांच्या कागदांत हा "ऊर्फ" असतोच असतो. आजी परत येताना गाडीत एवढंच म्हणाली, "बरा झाला, दोनूय नावां इली." तिच्या दोन आयुष्यांना सांधणारा तो एक शब्द.

प्रभावतीच्या ताम्रपटात ऊर्फ नाही. गुप्तांची मुलगी आणि वाकाटकांची पट्टराणी, दोन्ही एकाच वाक्यात, एका दमात. सोळाशे वर्षांपूर्वी. मला वाटतं कादंबरीकाराला यापेक्षा मोठं घबाड काय मिळायचं! हे वाक्य कोरायला सांगताना दरबारातले वाकाटकांचे जुने मंत्री काय म्हणाले असतील? "महादेवी, आधी विंध्यशक्तीचं नाव घालूया, तो आपला मूळपुरुष," असं कोणी दबक्या आवाजात सुचवलं असेल का? तिने काय उत्तर दिलं असेल? तो प्रसंग लिहा ना. चंद्र कोणीही बघतं.

आणि राज्य चालवणं म्हणजे काय ते त्याच ताम्रपटात पुढे आहे. दंगुण नावाचं गाव ती चनालस्वामी नावाच्या आचार्याला दान देते. गाव कुठलं, तर सुप्रतिष्ठ नावाच्या विभागातलं. आणि चारी बाजूंची चार गावं नावानिशी सांगितली आहेत. शीर्षग्रामाच्या दक्षिणेला, सिदिविवरकाच्या उत्तरेला, असं. आमच्याकडच्या विक्रीखतात असतं तस्संच, पूर्वेला अमक्याचं भाट, पश्चिमेला व्हाळ. बाबा सर्व्हेच्या कामात असतात, त्यांना मी ते वाचून दाखवलं तर म्हणाले, "हिने शेजाऱ्यांची भांडणं मिटवली असतील गो."

त्या गावच्या ब्राह्मणांना आणि कुटुंबप्रमुखांना उद्देशून ती काय म्हणते? "कुशलमुक्त्वा समाज्ञापयति." खुशाली विचारून आज्ञा करते. हे दोन शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. तुमच्या राण्या एकतर रडतात नाहीतर तलवार उपसतात. माणसांची खुशाली विचारून मग कामाचं बोलणारी बाई मला आमच्या घरात रोज दिसते, पंचायतीत दिसते, बचतगटात दिसते. कादंबरीत कधी दिसली नाही.

मग आज्ञा. शिपाई-प्यादे गावात शिरणार नाहीत. दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्यांना जनावरांसाठी चारा, बसायला कातडी, पेटवायला कोळसा देण्याचं बंधन नाही. फुलं आणि दूध सक्तीने द्यायचं नाही. मिठाचं खोदकाम माफ. यज्ञासाठी पशू मागायचे नाहीत. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर तेही दानातच आलं. आणि जो कोणी ही आज्ञा न जुमानता थोडासुद्धा त्रास देईल, त्याची तक्रार आली की आम्ही दंडासह बंदोबस्त करू. शेवटी वर्ष तेरावं, आणि कोरणाऱ्याचं नाव: चक्रदास.

मला मान्य आहे, ही यादी वाचून कोणी रडणार नाही. पण जरा उलटी वाचा. दूध माफ केलं म्हणजे आधी दूध नेत होते. कोळसा माफ केला म्हणजे कोणीतरी कोळसा पाडून, डोक्यावरून आणून साहेबाच्या तंबूपाशी टाकत होता. आमच्याकडे मिठागरं होती म्हणून मला ठाऊक, मीठ काढणाऱ्याच्या पायांचं काय होतं ते. एकेका सवलतीमागे एकेक घर आहे. आणि बाईंनी मला आणखी एका गोष्टीवर बोट ठेवून दाखवलं, जी माझ्या उत्साहात माझ्याकडून सुटली होती: दंगुणच्या लोकांचं देणं संपलं नाही, ते आता चनालस्वामीला द्यायचं. राणीला पुण्य, आचार्याला गाव, आणि शेतात राबणाऱ्या बाईला? तिला ताम्रपट वाचून दाखवला असेल तेव्हा तिला काय वाटलं असेल, हे कुठल्याच पत्र्यावर सापडणार नाही. ते फक्त तुम्हीच लिहू शकता. इतिहासकारांना तिथे थांबावं लागतं, तुम्हाला तर तिथून पुढे मोकळं रान आहे. तुम्ही मात्र नेमके उलटे करता: जिथे पुरावा आहे तिथे कल्पना लढवता आणि जिथे कल्पनेशिवाय गती नाही तिथे फिरकतच नाही.

दानाचा दिवस सांगायचा राहिला. कार्तिक शुद्ध द्वादशी. म्हणजे आमची व्हडली दिवाळी! गोव्यात त्या दिवशी तुळशीचं लगीन. वृंदावनाला रंग काढायचा, ऊस, दिंड्याची काठी, चिंचा-आवळे, आणि संध्याकाळी पोरासोरांनी घरोघर फिरायचं. प्रभावतीच्या काळी हे लगीन लावत होते की नाही तो भाग वेगळा, पण ती "अत्यंतभगवद्भक्ता". आदल्या दिवशीची एकादशी तिने धरली असणार असं मला आपलं वाटतं, आणि बारशीला देवाच्या पायांशी निवेदन करून, हातावर पाणी सोडून गाव दिलं. गेल्या वर्षी आमच्या अंगणात भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि मी आवळा चघळत मनातल्या मनात चक्रदासाला बघत होते, वाकून, एकेक अक्षर ठोकताना. हे कादंबरीने मला दिलं नाही. पण कादंबरीशिवाय मी ताम्रपटापर्यंत पोचले नसते हेही तितकंच खरं. म्हणून तर तुम्हाला लिहितेय. नाहीतर इतिहासाच्या पुस्तकवाल्यांना लिहिलं असतं.

भाषेबद्दल थोडं. तुमची राजकन्या जन्मल्यापासून "प्राणनाथ", "आर्यपुत्र", "मम हृदयी" असं बोलते. माझा मामा आमच्या गावच्या नाटकात पूर्वी राणीचं काम करायचा, मिशी काढून, आणि त्याच्या तोंडी असलीच वाक्यं असायची. त्याला ती शोभायची, कारण मागच्या रांगेपर्यंत आवाज जायला तसलेच दणकट शब्द लागतात. कादंबरी मी बिछान्यात वाचते. माझ्या कानापाशी "प्राणनाथ" कशाला ओरडायचं? संस्कृत नाटकांत तर राणीसुद्धा प्राकृतात बोलते. संस्कृत बोलतो तो राजा. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन, त्याने रामकथेवर "सेतुबंध" हे काव्य रचलं ते महाराष्ट्री प्राकृतात, ज्या भाषेला आपण मराठीची पूर्वज म्हणतो आणि 2024 साली अभिजात दर्जा मिळाला तेव्हा जिचे दाखले दिले. मग ज्या घरात ते काव्य झालं त्या घरात आई मुलाला कुठल्या भाषेत जेवायला हाक मारत होती? मगधाकडून आलेली मुलगी विदर्भातल्या दासींशी कशी बोलली, तिचे कुठले शब्द ऐकून त्या तोंडावर पदर धरून हसल्या? घरात एक भाषा आणि कागदावर दुसरी, हे आम्हा गोंयकारांना कोणी शिकवायला नको. आम्ही जन्मभर तेच करतो आणि त्यावरून भांडतोही. तुमच्या राजकन्येला ही अडचण कधी येतच नाही.

रंगाचंही तेच. प्रत्येक राजकन्या केतकीसारखी गोरी. मी सावळी आहे आणि हा राग जुना आहे, त्यामुळे इथे थोडं जास्त बोलले तर सांभाळून घ्या. तेरेखोलची नदी ओलांडली की पलीकडे सिंधुदुर्ग. तिथल्या कुडाळ तालुक्यातलं नेरूर आणि वेंगुर्ले तालुक्यातलं कोचरे, या दोन गावांत बदामीच्या चालुक्यांची राणी विजयभट्टारिका हिचे ताम्रपट मिळाले. दुसऱ्या पुलकेशीची सून, चंद्रादित्याची बायको, सातव्या शतकातली. ती स्वतःच्या नावाने दान देते, आणि नेरूरच्या ताम्रपटात वर्ष घालते ते "स्वराज्या"चं पाचवं. स्वराज्य! हा शब्द आपण कोणाच्या तोंडी घालतो आणि तो हजार वर्षं आधी कुठे कोरलेला आहे, बघा. अर्थ अर्थातच वेगळा, स्वतःचा राज्यकाल एवढाच. पण "स्वतःचा" हा शब्द एका बाईच्या ताम्रपटात आहे. काही अभ्यासक मानतात की संस्कृतातली विज्जिका नावाची कवयित्री ती हीच. त्या विज्जिकेचा एक श्लोक बाईंनी मला पाठ करायला लावलाय. नीलकमळाच्या पाकळीसारख्या सावळ्या विज्जिकेला, म्हणजे मला, ओळखत नसल्यामुळे दंडी या संस्कृत पंडिताने उगाच म्हणून टाकलं की सरस्वती सर्वांगाने शुभ्र असते! एवढा मोठा दंडी, त्याला एका श्लोकात गप्प केलं. ही बाई माझ्या घरापासून बसने दोन-तीन तासांच्या टापूत आपलं शासन धाडत होती, आणि मी सतरा वर्षांची होईपर्यंत मला तिचं नाव कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, कादंबरी ही कादंबरी, तिला पुराव्याच्या दाव्याला कशाला बांधतेस? मी बांधत नाही. कुबेरनागेने मुलीला निरोप देताना काय सांगितलं ते कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंत आणि मला ते पटलं. पुणे ताम्रपटातला युवराज, म्हणजे तेरा वर्षं युवराजच राहिलेला तिचा मुलगा दिवाकरसेन, पुढच्या लेखांत राजा म्हणून दिसत नाही. रिद्धपूरच्या ताम्रपटात प्रभावती स्वतःला दामोदरसेन आणि प्रवरसेन यांची आई म्हणवते. मधल्या जागेत एक मोठा मुलगा नाहीसा होतो. त्या जागेत शिरायची छाती कादंबरीचीच. माझं मागणं एवढंच आहे की पुस्तकाच्या शेवटी दोन पानं ठेवा आणि त्यात सरळ सांगा: हे ताम्रपटातलं, हे अभ्यासकांचं अनुमान, आणि हे माझ्या मनातलं. त्याने माझं रडू कमी होणार नाही. उलट तुमच्या मनातलं कुठलं ते कळलं तर तुमचं कौतुक जास्त वाटेल. आत्ता काय होतं, माझ्या वर्गातली मुलं कादंबरीतले संवाद प्रभावतीचे म्हणून फोनवर फिरवतात, फुलांच्या चित्रावर. तिचं खरं वाक्य, "सदण्डनिग्रहं कुर्यामः", कोणी फिरवत नाही. दंडासह बंदोबस्त करू! सकाळी सकाळी यापेक्षा चांगला निरोप कुठला?

आणि दोन पानं जड होत असतील तर चंद्राची सहा कमी करा.

रुद्रसेन गेल्यावरचं साठ पानांचं प्रकरण ठेवा, मला हवंय ते. फक्त एकसष्टाव्या पानावर तिला उठवा. तिच्यासमोर कारकून आणून बसवा, त्याच्या हातात मसुदा द्या, त्यात गावाचं नाव चुकलेलं असू द्या आणि ती चूक तिला काढू द्या. दिवाकरसेन मांडीवर झोपलेला असू द्या हवं तर. ती खालच्या आवाजात बोलेल, पोर उठू नये म्हणून. आधी खुशाली विचारेल.

आपली,
एक वाचक,
पेडणे, गोवा

ता. क. : हे पत्र आजीला वाचून दाखवलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, की त्या चनालस्वामीच्या बायकोचं नाव त्या तांब्याच्या पत्र्यावर घातलं होतं का. मी नाही म्हटलं. मग म्हणाली, "म्हणजे विकताना तिची सही कोणी घेतली नसतली." यावर काही सुचलं तर कळवा, किंवा सरळ पुढच्या कादंबरीत घाला.